सरांच्या घरचं नेट

सरांनी माझ्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला गच्च गाठ मारलेली. आत माझं क्रिंपिंग टूल. नेटच्या तारेला प्लग बसवायची पक्कड असते ती. दुसरी वस्तू म्हणजे हातमोज्यांची जोडी. पातळ, पांढरट. केसांना कलप लावताना घालतात तसले.

"नवीन राउटर घरी आणून ठेवलाय. आज जाऊन लाव. आणि हे घालून काम कर. आईचं जरा असतं ना. समजून घे."

भर दुपार. ऑफिसातली आमची बसायची खोली माणसांनी भरलेली. समोरच्या भिंतीवर मोठे पडदे, त्यावर कुठलं मशीन चालू आहे नि कुठलं बंद, ते दिसत राहतं. सर हळू बोलले नव्हते. सगळ्यांनी ऐकलं. की-बोर्डचा आवाज जरासा थांबला आणि मग आधीपेक्षा जोरात सुरू झाला. कोणाचीही मान वर झाली नाही.

मला संताप आला असं लिहायला आवडलं असतं. संताप नंतर आला. आधी भीती वाटली. मी प्रोबेशनवर होते. महिनाअखेरीला नोकरी पक्की व्हायची होती, ती सरांच्या एका शब्दावर. तो शब्द हो असेल की नाही, ह्या विचाराने कित्येक दिवस मला जेवण जात नव्हतं. आणि आता समोर हातमोजे.

माझा उजवा हात टेबलावरून पुढे सरकला. हातमोज्यांकडेच. मला तो हात अजून दिसतो.

मी भांडुपची. स्टेशनपासून पश्चिमेला डोंगराच्या अंगावर वस्ती चढत गेलीय, तिथे आमची खोली. आजोबा गावाहून गिरणीत आले. गिरणी बंद पडली. पप्पा केबलवाले झाले. आधी टीव्हीची केबल, मग नेटची. ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर तारा ओढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घरी जमिनीवर बसून ते तारेची टोकं सोलायचे. आत आठ बारीक तारा, प्रत्येकीचा रंग वेगळा. त्या ठरलेल्या क्रमाने लावायच्या, प्लगमध्ये सरकवायच्या आणि पक्कड दाबायची. कट्‌ असा आवाज आला की प्लग बसला. हे मला शाळेत जायच्या वयात येत होतं. ती पक्कड पप्पांची. गुडघे गेले, शिड्या चढणं बंद झालं, तेव्हा त्यांनी ती मला दिली.

पक्कडीबरोबर नियमही दिले. लोकांच्या घरात गेलं की नजर तारेवर. पाणी मागायचं नाही. भिंतीला टेकायचं नाही. देवघरावरून तार न्यायची नाही. आणि आडनाव सांगितलं की गप्प बसायचं, पुढे बोलायचं नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. ते कोणाचंही असू शकतं. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाहेर हे आडनाव, असं पप्पांनी निभावलं. ह्या 'कर'च्या आडोशाला उभं राहून त्यांनी उभ्या मुलुंड-भांडुपला नेट दिलं. कोणी चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर वाट बघायचे नाहीत.

मला वाटायचं पप्पा भित्रे आहेत. डिप्लोमा झाला, अंधेरीला डेटा सेंटरमध्ये लागले, तेव्हा मनात म्हटलं, सुटलो. आता कोणाच्या घरात जायला नको. मशीनला जात कुठे कळते? तार नीट बसली की स्विचचा दिवा हिरवा होतो. लावणारी कोण, हे तो विचारत नाही.

डेटा सेंटर म्हणजे बाहेरून बघितलं तर खिडक्या नसलेली एक मोठी, गप्प इमारत. आत कपाटांच्या रांगा, त्यांना रॅक म्हणतात, आणि कपाटाकपाटातून हजारो तारा. पंख्यांचा असा घोंगावता आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. थंडी एवढी की बारा महिने स्वेटर. कोणाचे बँकेचे व्यवहार, कोणाची तिकिटं, कोणाचे फोटो, सगळं तिथून जातं. आमच्याकडे प्रत्येक मशीनला दोन तारा असतात, दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या. एक तुटली तर दुसरी आहे. मी पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मला मशीनचा हेवा वाटला. आमच्या घराला एकच तार होती, माझी नोकरी.

आणि दारं. प्रत्येक दाराला कार्ड लावायचं. दिवा हिरवा झाला तर दार उघडतं. लाल झाला तर परत फिरायचं. मला ते दार फार आवडायचं. त्याच्याकडे आडनाव लागत नाही, कार्ड लागतं.

आमच्याकडे एक रीत आहे. कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण मोडलेली कोणी ऐकली नाही. तिला 'घरचं नेट' म्हणतात. साहेब लोकांच्या घरचं नेट अडकलं की कंपनीच्या हेल्पलाइनला कोण फोन लावत बसणार? ज्युनिअरला पाठवायचं. दिवसभर शेकडो मशीनच्या तारा सांभाळणाऱ्या मुलाला सांगायचं, जरा घरी जाऊन ये रे. जाणाऱ्यालाही बरं वाटतं. साहेबांच्या घरात पाय पडला म्हणजे नोकरी पक्की, असा हिशोब. माझ्या शेजारी बसणारा नितीन मोठ्या साहेबांकडे जाऊन चिकू मिल्कशेक पिऊन आला होता. तो मिल्कशेक त्याने आम्हाला महिनाभर ऐकवला.

हातमोज्यांच्या काही दिवस आधी माझी पाळी आली, तेव्हा तोच म्हणाला, "लकी आहेस यार. सरांची आई मालवणची. नुसते तांदळाचे घावणे खाऊन ये. कन्फर्मेशन झालंच समज."

सरांचं घर मुलुंडला. घरात सरांची आई एकटीच होती. सर ऑफिसात, त्यांची बायको नोकरीवर. आजी गोरीपान, सुती साडी, कपाळाला गंध. प्रेमाने आत घेतलं. तक्रार सांगितली ती अशी की टॅबवर देवळातली आरती लागते, पण ऐन आरतीत देव थिजतो आणि मधोमध चाक फिरत बसतं. बिचारी खरंच रडवेली झाली होती. मला हसू आलं आणि दयाही आली.

दोष शोधायला वेळ लागला नाही. राउटर देवघराच्या खालच्या कपाटात कोंबलेला होता. वर ताम्हन, समया, पितळेचे डबे आणि कपाटाचं दार बंद. राउटरपासून पुढे नेट हवेतून जातं, त्याला मोकळी जागा लागते. सभोवती एवढी धातूची भांडी ठेवली तर ते बाहेर पडणार कसं? मी आजींना म्हटलं, ह्याला बाहेर काढून पॅसेजमधल्या शोकेसवर, उंच ठेवू. म्हणजे सगळ्या खोल्यांना सारखं मिळेल. त्यासाठी तार लांब लागणार होती. मी जमिनीवर बसून नवी तार सोलायला घेतली. आजी खुर्ची ओढून जवळ बसल्या. बोलायला माणूस मिळालं होतं त्यांना.

"गाव खयचो गो तुझो?"

मी तालुका सांगितला, गाव सांगितलं.

"अगो बाय! आमच्याच वाटेवरची मगे तू! थांब, चाय ठेवतंय."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आलं किसल्याचा वास आला. खरं सांगते, मला फार छान वाटलं. पप्पांचे नियम मी विसरले. आणि तिथूनच त्यांचा आवाज आला.

"आणि वाडी खयची?"

कोकणातल्या माणसाला गाव सांगून भागत नाही. गावात वाड्या असतात, आणि वाडीचं नाव सांगितलं की माणूस पुरता सांगून झाला. आमची वाडी गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे. पप्पांनी अशा वेळी काहीतरी टेंबवाडी-बिंबवाडी सांगून वेळ मारून नेली असती. मला ते का सुचलं नाही, अजून कळत नाही. हातात आठ तारा होत्या, रंग लावत होते. सगळं लक्ष त्यात. तोंडाने आपलं खरं सांगून टाकलं.

"बौद्धवाडी."

बोलले आणि मान वर केली. स्वयंपाकघरात चहा उकळत असल्याचा आवाज येत होता. मग गॅसचं बटण टक्‌ करून बंद झालं. मी पक्कड दाबली, प्लग बसला. दुसऱ्या टोकाचाही बसवला. चहा येईल म्हणून माझे कान तिकडेच. मला तहान लागली होती म्हणून नव्हे. चहा आला असता तर मला श्वास घेता आला असता.

चहा आला नाही. आजी दारात आल्या, खुर्ची लांब ओढली आणि उभ्याच राहिल्या. बोलणंही बदललं होतं.

"लवकर आटप. मला अंघोळीला जायचंय."

सकाळीच न्हाऊन गंध लावून बसलेली बाई दुपार कलल्यावर मला अंघोळीचं सांगत होती. वय काय त्यांचं आणि माझं काय, त्या मला मारणार होत्या का? नाही. तरी मी इतकी घाबरले की शोकेसवर राउटर ठेवताना तो दोनदा हातातून निसटता निसटता राहिला. दिवे लागले. नेट आलं. टॅबवर आरती लावून दाखवली, न अडकता चालली. मी टॅब त्यांच्या हातात द्यायला गेले.

"खाली ठेव. तिथे खाली ठेव."

मी खाली ठेवला आणि निघाले. लिफ्टपाशी आल्यावर लक्षात आलं, पक्कड आतच राहिली. पप्पांची पक्कड. परत गेले. आतलं लाकडी दार उघडं होतं, बाहेरची जाळी लावलेली. जाळीतून पॅसेज सरळ दिसत होता.

आजी तांब्यातून तुळशीच्या पानाने पाणी शिंपडत होत्या. मी जिथे बसले होते तिथे. भिंतीवर, तारेवर. मग त्यांनी शोकेसजवळ स्टूल घेतलं, एक बाटली उघडली आणि राउटरवर धरली. गोमूत्र. जाळीच्या दारातून वास माझ्यापर्यंत आला. राउटरला वरच्या बाजूने फटी असतात, उष्णता जायला. पिवळी धार त्या फटींतून आत गेली. खाली उतरून त्यांनी केरसुणीने माझी पक्कड कोपऱ्यात ढकलली आणि तिच्यावरही ओतलं.

मी बेल वाजवायला हवी होती. बोट बेलपर्यंत गेलंही होतं. पण दाबलं नाही. मी मागे सरले आणि जिन्याने पळाले. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही. त्या घरातून मी काही चोरलं नव्हतं, तरी चोरासारखी पळत होते.

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "पक्कड कुठेय?" मी म्हटलं, ऑफिसात राहिली. जास्त बोलले असते तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी सर आले ते थेट माझ्या टेबलाशी.

"काय करून आलीस तू? राउटर जळला. सकाळची आरती हुकली आईची. साधा राउटर लावता येत नाही, आणि आम्ही हिला रॅकला हात लावू देतो!"

सगळे ऐकत होते. मला माहीत होतं राउटर का गेला ते. शब्द तोंडात होते. बाहेर पडलं ते एवढंच.

"सॉरी सर."

त्या दिवसापासून माझं कार्ड रॅकच्या हॉलला चालेना. बाहेरचं दार उघडायचं, आतल्याला दिवा लाल. मी परत फिरायची आणि पडद्यांसमोर बसून राहायची. नितीनला विचारलं तर तो म्हणाला, सिस्टिमचा काहीतरी घोळ असेल गं. मला माहीत होतं घोळ कसला आहे. रोज सकाळी आतल्या दाराला कार्ड लावायची. लाल. पुन्हा लाल. वाटायचं, उद्या बाहेरचं दारही लाल होईल, आणि मी कार्ड गळ्यात घालून रस्त्यावर उभी असेन. आईला काय सांगणार होते? पप्पांच्या गुडघ्यांना काय सांगणार होते?

मग काही दिवसांनी सरांचा आवाज अचानक मऊ झाला. गुड मॉर्निंग म्हणायला लागले. त्या मऊपणाने मी आणखी घाबरले. ओरडणारा माणूस निदान कळतो. मला वाटतं, मधल्या दिवसांत आजींनी त्यांना वाडी सांगितली असावी. राउटर का गेला तेही सांगितलं असावं. कारण पुन्हा कधी ते 'तू जाळलास' म्हणाले नाहीत. आणि त्या दुपारी हातमोजे घेऊन आले.

तर माझा हात पुढे सरकला होता.

हातमोज्यांवर पोहोचायच्या आधी तो पिशवीला लागला. का ते माहीत नाही. पक्कड ओळखीची होती, हातमोजे अनोळखी, म्हणून असेल. मी पिशवी ओढली आणि गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. नखाने फाडली. आतून वास आला. तोच. जाळीच्या दारातला. पक्कडीच्या दातांवर तांबूस गंज चढला होता. आयुष्यभर पप्पांनी पावसात, उन्हात, पत्र्यांवर वापरलेली ती पक्कड कधी गंजली नव्हती. ते तिला रोज पुसायचे.

संताप तेव्हा आला. भीती गेली नव्हती. ती होतीच, तिच्यावर संताप येऊन बसला.

"सर, राउटर मी जाळला नाही," मी म्हटलं. "आजींनी त्यावर गोमूत्र ओतलं. मी परत आले होते, मी बघितलं. ह्या पक्कडीवर पण ओतलं. वास घेऊन बघा."

की-बोर्ड थांबले. ह्या वेळी पुन्हा सुरू झाले नाहीत.

"हळू बोल."

"का?"

"आई जुन्या वळणाची आहे. म्हातारं माणूस. तू शिकलेली आहेस ना?"

"हातमोजे आईंनी नाही आणले, सर. तुम्ही आणलेत. दुकानातून."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते वाकले आणि दात आवळून म्हणाले, "कन्फर्मेशनचा विचार कर."

"रोज तोच करते, सर. झोपेत पण. पण मी हे घालणार नाही. तुमच्या घरी येणार नाही. ह्याच हातांनी तुमच्या रॅकच्या तारा लावल्यात. तिथे चालले."

ते सरळ झाले. मग हातमोजे उचलून खिशात घातले आणि गेले. पुढे दुपारभर मी खुर्चीतून उठले नाही. लोकांना वाटलं मी ठाण मांडून बसलेय. खरी गोष्ट अशी की पाय इतके लटपटत होते, उठले असते तर तिथेच पडले असते.

माझ्या बाजूने कोणी बोललं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण अशा गोष्टींत शेवटी कोणीतरी खांद्यावर हात ठेवतं असं लोकांना ऐकायला आवडतं. कँटीनमध्ये नितीन समोर बसला, इकडेतिकडे बघत म्हणाला, "यार, घालून टाकायचे ना ग्लोव्हज. काय जात होतं तुझं? पाच मिनिटांचं काम." तो वाईट मुलगा नाही. त्याला खरंच समजत नव्हतं माझं काय जात होतं. मी म्हटलं, तू मिल्कशेक पिताना ग्लोव्हज घातले होतेस का रे? तो ताट घेऊन उठला.

मी तक्रार दिली. माझं पूर्ण नाव, आडनाव, गाव आणि वाडी घालून. एचआरच्या मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं, पाणी दिलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली.

"असं करू या का? 'गैरसमज झाला' असं लिहू. राउटरवर पाणी सांडलं, एवढंच. तो दुसरा शब्द काढून टाक. आणि वाडीबिडी कशाला लिहितेस? ऑफिसच्या कामात जात आणायची कशाला?"

मी घाबरूनच बसले होते. तरी म्हटलं, "मॅडम, मी नाही आणली. ती पिशवीत बांधून माझ्या टेबलावर आली."

"तुझा प्रोबेशन पिरियड वाढवावा लागेल मग. चौकशी होईपर्यंत."

"वाढवा."

'वाढवा' म्हणणारी बाई कोणी वेगळीच वाटत होती. बाहेर येऊन मी बाथरूममध्ये उलटी केली.

घरी सांगावंच लागलं. पप्पांच्या हातात पक्कड दिली. त्यांनी ती नाकाशी नेली. मी तोवर काही बोललेही नव्हते. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी चिंधी घेतली, खोबरेल तेल घेतलं आणि गंज घासायला बसले. बराच वेळ घासत होते. मला वाटलं, आता म्हणतील, बरं केलंस पोरी. खाली बघूनच म्हणाले, "माफी मागून टाक. एवढी नोकरी परत मिळायची नाही." आई दारात उभी होती. तीही म्हणाली, "माग गं."

मी जेवले नाही. पप्पांचा राग आला, मग त्यांची कीव आली, मग दोन्ही. त्यांना मी भित्रे म्हणायची. त्या जाळीच्या दाराबाहेर उभं राहिल्यावर मला कळलं, ते कशाला भीत होते. किती घरांतून परत निघताना त्यांनी मागे वळून बघायचं टाळलं असेल? बघितलं असेल का कधी? मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पक्कड घासून चकचकीत केली आणि माझ्या पिशवीत ठेवली.

आता चौकशी चालू आहे म्हणतात. कोण करतंय, कुठे चाललीय, मला दिसत नाही. आतल्या दाराला माझं कार्ड अजून लालच. सर समोरून जातात, बघत नाहीत. नवीन राउटर कोणी लावला ते मी ऐकलं. लावणाऱ्याला घावणे मिळाले म्हणे. आजींची आरती आता अडकत नसेल. ती आरती ज्या तारांतून येते, त्यातल्या काही मी लावलेल्या आहेत. तिथवर बाटली पोहोचत नाही त्यांची.

भीती गेलेली नाही. खोटं कशाला सांगू? रोज अंधेरीला उतरते तेव्हा ती बरोबर असते. बाहेरच्या दाराशी कार्ड काढते, लावते. हिरवा लागला की आत जाते. मग आतल्या दाराशी जाते, तिथेही कार्ड लावते. लाल लागणार हे माहीत असून लावते, रोज, सगळ्यांच्या देखत. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, कशाला लावता? माहिताय ना?" मी त्याला म्हटलं, ह्या दाराने रोज मला नाही म्हणायला पाहिजे. गप्प बसून सुटका नाही त्याची.

राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते लिहून द्यावं. गैरसमज हा शब्द मी सही करून देणार नाही. बाहेरचं दारही एक दिवस लाल होईल कदाचित. त्या दिवशी मी जिन्याने पळणार नाही. दारातच उभी राहीन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने सांगेन, मी आत का नाही ते. कोणी गाव विचारलं तर गाव सांगेन. वाडी विचारायच्या आधी वाडी सांगेन.

पक्कड पिशवीत आहे. हात उघडे आहेत आणि उघडेच राहतील. ज्याला हे हात चालत नाहीत, त्याने आपली तार आपण ओढावी.